माणसाचा आकडा

मास्तर कुणाच्या घरी वायरिंगची मापं घ्यायला गेले की फूटपट्टी आधी काढत नसत. आधी ते मालकाकडे बघत. चांगली दोन-तीन मिनिटं बघत. दाखवायला आणलेल्या मुलीसारखा मालक अवघडून जाई, टोपी सारखी करी, उगाच खाकरे. मग मास्तर विचारत, दिवे किती लावणार? मालक म्हणे, सहा. मास्तर मान डोलवत आणि रस्त्यावर आलं की मला सांगत, "अठरा दिव्यांची तार काढ."

सोलापुरात वीज तेव्हा नवीनच आली होती. अर्ध्या गावात कंदील होते आणि उरलेल्या अर्ध्या गावात आपल्याकडे कंदील नाही हे शेजाऱ्याला कसं कळेल याची काळजी होती. मास्तरांचं बाळीवेशीत एक अरुंद दुकान होतं. तारेची वेटोळी, सागवानी पट्ट्या, चिनी मातीच्या बटणांची खोकी, आणि या सगळ्याच्या मधोमध एका स्टुलावर मास्तर. दुकानात दोन वायरमन होते आणि तिसरा मी. माझं काम घरोघर जाऊन दिवे, पंखे, मोटारी मोजून आणायच्या, कागदावर लिहायच्या आणि मास्तरांपुढे ठेवायच्या. लग्न नुकतंच झालं होतं आणि सासरी मी ‘विजेच्या खात्यात’ आहे असं सांगितलं होतं.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. आधी ते एका गिरणीच्या पॉवर-हाऊसमध्ये फोरमन होते आणि तिथल्या पोरांना तार जोडायला शिकवताना हातात पट्टी ठेवत, म्हणून मास्तर. दिसायला लाकडी पट्टीसारखेच, उंच आणि कोरडे. धोतरावर काळा कोट, भर वैशाखातसुद्धा. सोलापूरच्या वैशाखात काळा कोट घालणारा माणूस एकतर वकील असतो नाहीतर वेडा. ते वकील नव्हते.

तारेचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर मास्तर कळायचे नाहीत. तारेला नावं आकड्यांची. तीन-बावीस म्हणजे बावीस नंबरच्या तीन बारीक तारा एकत्र पिळलेल्या. ती दिव्यांना पुरे. सात-बावीस म्हणजे तशाच सात. थोडं जास्त ओझं, एखादी लहान मोटार वगैरे असेल तर ती. सात-अठरा म्हणजे जाडजूड, मोठ्या मोटारींची. ओझं जास्त आणि तार बारीक झाली की तार तापते. तापली की वरचं रबर वितळतं, आणि मग ज्या सागवानी पट्टीत ती हौसेनं बसवलेली असते ती पट्टी पेटते. एवढंच शास्त्र. कुठल्या ओझ्याला कुठली तार याचं कोष्टक एका विलायती पुस्तकात छापलेलं होतं आणि ते पुस्तक मास्तरांच्या दुकानात होतं. ते स्टुलाच्या एका आखूड पायाखाली घातलेलं होतं.

मी नवा होतो तेव्हा एकदा ते काढून बघायला गेलो तर मास्तर लवंडले. उठून कोट झटकत म्हणाले, की पुस्तक बरोबर आहे, पण ते तारेबद्दल आहे. तार काय खोटं बोलणार? खोटं मालक बोलतो. विलायतेत माणूस चार दिवे म्हणाला की चारच लावत असेल, आपण काही बघायला गेलो नाही. इथं चार म्हणतो आणि दहा लावतो. शिवाय तिकडं घरात थंडी वाजते, इथं पत्र्याखाली अंडं उकडतं. तेव्हा आधी माणूस मोजायचा, मग तार.

आणि ते खरोखरच माणूस मोजत. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात सोलापुरातल्या बऱ्याच इभ्रतदार मंडळींची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. मालक जे सांगेल त्याला त्या आकड्यानं गुणायचं, आणि जे येईल त्या ओझ्याची तार घालायची. नवी पेठेतल्या एका वकिलाला दोन. एका कापडवाल्याला तीन. एका डॉक्टरला सव्वा. तो खोटं बोलत नसे, पण बायको माहेरची श्रीमंत होती. एका मठाच्या महाराजांना पाच. शाळामास्तरांना त्यांनी सरसकट अर्धा आकडा दिला होता, कारण शाळामास्तर आठ दिवे सांगतात आणि बिलाच्या भीतीनं चारच लावतात. स्वतःच्या बायकोला अडीच. हे त्या माउलीला माहीत होतं. त्या म्हणायच्या, भाकरी किती करू विचारलं तर हे दोन म्हणतात आणि पाच खातात, यांचा आकडा किती ते विचारा की. विचारलं. वहीत मास्तरांच्या नावापुढे दीड होता. मला तो कमीच वाटला.

आकडा काढायची त्यांची पद्धत लोकांना बिलकुल सोसत नसे. घरात शिरल्यावर ते खुंट्या मोजत, आरसे मोजत, जावा एकमेकींशी बोलतात का ते बघत. जावा बोलत नसतील तर प्रत्येकीच्या खोलीत सारखे दिवे लागणार, हे ठरलेलं. एका देवस्थानाच्या ट्रस्टींकडे आम्ही गेलो तेव्हा ट्रस्टी पाच दिवे म्हणाले. मास्तर त्यांच्या देवघराच्या दारात उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"मोजताय काय हो?" ट्रस्टींनी विचारलं.

"देवाचे फोटो," मास्तर म्हणाले. "सतरा हायत. हरेक फोटोपुढं तुमी लाल दिवा लावणार. मग सुनंचा भाऊ येऊन एक हिरवा लावणार. पाच म्हणू नका, देव बघायलाय."

ट्रस्टींनी आम्हाला घालवून दिलं. वर्षभरानं मी त्या घरावरून गेलो तर आतून लाल उजेड येत होता. मी आत जाऊन फोटो मोजले नाहीत, पण मोजायची इच्छा झाली हे कबूल करतो.

अशा रीतीनं मास्तरांनी निम्मं सोलापूर अंधारात ठेवलं. म्हणजे लोक दुसऱ्याकडून वायरिंग करून घेत आणि उजेडात राहत, पण मास्तरांच्या मते तो अंधारच. त्यांची तार जाड, म्हणून त्यांचं काम महाग, आणि वर अपमान फुकट. गिरणीतली नोकरीही याच पायी गेली होती. गोऱ्या मॅनेजरनं बंगल्यावर दोन पंखे आणि बारा दिवे सांगितले. मास्तरांनी मोटार चालेल इतकी जाड तार घातली. साहेबानं कारण विचारलं तर मास्तरांनी दुभाष्याला सांगितलं, की साहेबाला सांग, तुझा आकडा तीन. दुभाषा शहाणा असता तर त्यानं हवापाण्यावर काहीतरी सांगितलं असतं. पण तो मास्तरांकडेच शिकलेला, त्यानं शब्दाला शब्द सांगितलं. पुढे मडमेनं विलायतेहून पाणी तापवायचं यंत्र आणलं आणि आणखी कसली कसली शेगडी आणली, आणि ती सगळी त्या तारेवर बिनबोभाट चालली. पण तोवर मास्तर बाळीवेशीत स्टुलावर येऊन बसले होते.

ते बरोबर निघत, हा त्यांचा दुर्गुण होता. आणि बरोबर निघाल्यावर ते गप्प बसत नसत, हा त्याहून मोठा. त्या कापडवाल्यानं, तीन आकड्याच्या, मास्तरांना हाकलून दुसऱ्याकडून दुकान सजवून घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यानं दारावर इतके दिवे लावले की घोडे बुजले. मास्तर समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, नाक वर करून. मी विचारलं, इथं का थांबलोय? म्हणाले, वास येईल. अर्ध्या तासात जळक्या रबराचा वास आला, दिवे गेले, आतून आरडाओरडा झाला. आग वगैरे लागली नाही. मास्तर समाधानानं घरी गेले आणि त्या रात्री सात भाकरी जेवले असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. दुसऱ्याच्या घरी रबर जळताना ज्याला भूक लागते अशा माणसाला चांगला म्हणायला मी तेव्हाही तयार नव्हतो आणि आताही नाही.

आता माझा आकडा. एकदा मास्तर जेवायला गेले असताना मी ती वही चाळली. माझं नाव शेवटच्या पानावर होतं, एकटंच. पुढे लिहिलं होतं, एक.

एक! सबंध वहीत दुसरा एक नव्हता. मी जे सांगीन ते कशानंही गुणायचं नाही, त्यात काही मिळवायचं नाही, तेवढंच धरायचं. मी संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एक म्हणजे सगळ्यात कमीच की. मी तिला समजावून सांगितलं तरी तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र चार दिवस छाती फुगवून चालल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून कामाला मास्तर माझ्याबरोबर यायचेही कमी झाले. मी मोजून आणायचं, आकडा सांगायचा, आणि त्यांनी वेटोळ्याकडे बोट दाखवायचं.

त्याच सुमारास साखर पेठेतला राजय्या दुकानात आला. विणकर, घरात तेलुगू बोलणारा, हातमाग मोडून यंत्रमाग घालायला निघालेला. पत्र्याची नवी शेड त्यानं घरामागे उभी केली होती. मी मापं घ्यायला गेलो. जमिनीत मागाला एक असे खड्डे केलेले होते. मी ते मोजले. आठ माग बसणार होते.

राजय्यानं मला बाहेर बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि मग म्हणाला, "सायब, कागदावर चार लिवा की."

मी म्हटलं, खड्डे तर आठ आहेत.

"आट लिवलं तर कंपनीवाले सा म्हैने बसवून ठेवतेत. चार म्हटलं की लगेच देतेत. तवर माझं सूत पडून ऱ्हातंय, आन माणसं दुसऱ्याकडं जातेत. चार तर चार. मागनं बघू की."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वीज कंपनी मोठ्या मागणीला खरंच लोंबकळत ठेवी. मी कंपनीला द्यायच्या कागदावर चार लिहून मास्तरांना आठ सांगू शकत होतो. तेवढी अक्कल मला होती. पण मास्तरांना आठ सांगितलं असतं तर त्यांनी कंपनीचा कागद मागितला असता, चार बघितला असता, आणि माझ्या तोंडाकडे दोन-तीन मिनिटं बघितलं असतं. ते मला नको होतं. आणि दुसरी गोष्ट सांगायची तर राजय्याच्या बायकोनं निघताना माझ्या हातात एक लुगडं ठेवलं, हिरवं, तांबड्या काठाचं, घरच्याच मागावरचं. मी नको नको म्हणत घेतलं. माझ्या बायकोनं लग्नानंतर तोंडानं मागितलेली ती पहिली वस्तू होती, आणि मी ती घेऊन देऊ शकलो नव्हतो.

दुकानात आल्यावर मास्तरांनी विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "चार."

त्यांनी वर बघितलंही नाही. सात-बावीसच्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं.

तीन महिने चार माग चालले. मग राजय्यानं दुसरी मोटार आणली आणि त्याच तारेवर आणखी चार माग लावले. फ्यूज उडायला लागला. फ्यूजमधली तार मुद्दाम कच्ची ठेवतात. ओझं वाढलं की तिनं वितळायचं आणि वीज तोडायची, म्हणजे पुढची तार वाचते. राजय्या दिवसातून चारदा फ्यूज बसवी. शेवटी तो आला, पण दुकानात आला नाही. माझ्या घरी आला. मास्तर ओरडतेत, तुमीच या, म्हणाला. मी गेलो. त्या दिवशी माझ्या बायकोनं ते हिरवं लुगडं हळदीकुंकवाला नेसलं होतं. मी राजय्याच्या फ्यूजमध्ये तार दुहेरी करून घातली. फ्यूज उडायचा थांबला. राजय्या खूश झाला.

चैत्र संपत आला होता. दुपारची वेळ, माणसं भाकरी खायला अंगणात बसलेली, माग चालूच. पत्र्याखालची तार सकाळपासूनच्या उन्हानं आधीच तापलेली होती, त्यात दुप्पट ओझं. आधी वास आला असेल. पण शेडमध्ये खळीचा, तेलाचा, सुताचा इतका वास असतो की रबराचा कुणाला कळणार? पट्टी पेटली आणि खाली ताण्याचे सुताचे रूळ होते, त्यांच्यावर पडली. सुताला पेटायला वेळ लागत नाही. राजय्या आत धावला. एक भरलेला रूळ त्यानं उजव्या हातानं ओढून बाहेर काढला, दुसऱ्याला गेला तेव्हा लोकांनी त्याला धरलं.

माणूस कुणी गेलं नाही. तीन माग गेले, सूत सगळं गेलं, आणि राजय्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली. विणकराचं तुटलेला धागा सांधण्याचं सगळं काम बोटांच्या टोकावर असतं. ती टोकं पुन्हा वेगळी झाली नाहीत. पुढे तो माग चालू-बंद करी, पण धागा तुटला की बायकोला हाक मारी.

दुसऱ्या दिवशी सरकारचा वीज इन्स्पेक्टर आला. जळक्या शेडमध्ये आम्ही उभे होतो. मास्तर काळ्या कोटात, मी त्यांच्या मागे, राजय्या हाताला केळीचं पान बांधून उंबऱ्यावर बसलेला. इन्स्पेक्टरनं पट्टीत उरलेला तारेचा तुकडा बोटात धरून बघितला. जमिनीतले खड्डे मोजले. मास्तरही मोजत होते. मी बघत होतो, त्यांचे ओठ हलत होते. आठाला थांबले.

"आठ मागांना सात-बावीस कुणी घातली?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

"माग मोजले नव्हते?"

राजय्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं तेव्हा नाव घेतलं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. तेव्हा फक्त त्यानं गप्प बसावं एवढीच इच्छा होती.

"चार मोजले होते," मास्तर म्हणाले. "चूक दुकानाची. दुकान माझं हाय."

त्यांचं वायरिंगचं लायसन एक वर्षासाठी गेलं. ज्या ज्या लोकांचे आकडे वहीत होते त्या सगळ्यांनी गावभर सांगितलं, की दुसऱ्याची तार मोजणाऱ्याची तार जळाली. कापडवाला तर दुकानात येऊन सांत्वन करून गेला. समोरच्या फुटपाथवर उभं राहायची वेळ आता त्याची होती, आणि त्यानं ती साधली. मास्तर त्याचं सगळं ऐकून घेत बसले. त्याला त्याचा आकडासुद्धा ऐकवला नाही. मला ते बघवलं नाही. उलट बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मला त्यांनी कामावरून काढलं नाही, ओरडले नाहीत, लुगड्याचं विचारलं नाही. त्यांना लुगड्याचं माहीत होतं की नाही हेही मला कळलं नाही. वर्षभर दुकान जवळजवळ बंद होतं. पंख्यांची दुरुस्ती, इस्त्र्यांची दुरुस्ती, एवढंच. मी रोज जायचो. दोनदा मी बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा मास्तरांनी मला कुठलंतरी काम सांगितलं. बायकोनं ते लुगडं पुन्हा नेसलं नाही. मी तिला काही सांगितलं नव्हतं; साखर पेठेतल्या बायकांनी सांगितलं.

वर्ष संपलं, लायसन परत आलं, आणि पहिलं काम आलं ते एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं. बाई मुंबईहून शिकून आलेल्या, बोलायला सरळ. मी मापं घ्यायला गेलो. आठ खोल्या. प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा. मी त्या खोल्या एकदा मोजल्या. मग जिना उतरून पुन्हा चढलो आणि पुन्हा मोजल्या. बाईंना विचारलं, आणखी कुठं काही लावणार आहात का, पाण्याची मोटार, देवांचे फोटो, काहीही? त्या हसल्या, नाही म्हणाल्या. मी भिंतींवर खिळे शोधले. नव्हते. आठ म्हणजे आठच. आठ खोल्यांना तीन-बावीस पुरत होती आणि वर थोडी ताकद शिल्लक राहत होती.

दुकानात आलो. मास्तर स्टुलावर होते. स्टुलाच्या पायाखाली तेच पुस्तक होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ," मी म्हटलं.

यावेळी त्यांनी वर बघितलं. दोन-तीन मिनिटं नाही, क्षणभरच. वही तिथंच, गुडघ्यापाशी होती. ती त्यांनी उघडली नाही. माझा आकडा बघायला त्यांना वहीची गरज नव्हती.

"मास्तर," मी म्हटलं, "खरंच आठ आहेत. दोनदा मोजल्या."

"असतील की," मास्तर म्हणाले.

आणि वायरमनला हाक मारून त्यांनी सोळा खोल्यांची तार काढायला सांगितली.